कोंबडीच्या तंगडीवर मायक्रोसर्जरीचा हात बसतो का?

प्रश्न असा आहे: "मी प्लास्टिक सर्जरीच्या एमसीएचच्या (एमएसनंतरच्या पदवीच्या) पहिल्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात मायक्रोसर्जरीची, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकायची, लॅब नाही, उंदरांवर काम करायची सोयही नाही. सीनियर सांगतात, ग्लोव्हवर आणि कोंबडीच्या तंगडीवर टाके घाल. त्याचा पेशंटवर काम करताना खरंच उपयोग होतो का? होत असेल तर सुरुवात कुठून करू, आणि किती दिवस?"

उपयोग होतो, नक्की होतो. पण एक अट आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी कुणी सांगत नाही. टाके घालून झाले की तंगडीतली ती जोडलेली धमनी उभी चिरायची, पुस्तकासारखी उघडायची आणि आतून बघायची. दर वेळी. हे करणार नसाल, तर शंभर तंगड्यांवर टाके घालूनही चुकाच पक्क्या होतील.

हे मी अनुभवाने सांगते. मी रेसिडेंट असताना दोन महिने रोज ग्लोव्हवर टाके घालत होते. टाके सुरेख पडायला लागले होते, सगळे कौतुक करायचे. मग एका रात्री कडबाकुट्टीत तुटलेलं बोट आलं आणि सरांनी धमनी मला जोडायला दिली. आठ टाके घातले. मायक्रोस्कोपमधून बघताना मला त्यात काही खोट दिसत नव्हती. क्लॅम्प काढले. बोट दोन-तीन मिनिटं गुलाबी झालं आणि मग पांढरं पडत गेलं. सरांनी कोमट सलाईन टाकलं, आकसलेली धमनी सैल करणारं पॅपाव्हरिन टाकलं, वाट पाहिली. शेवटी त्यांनी एक शब्द न बोलता माझा जोड कापून काढला, निळ्या बॅकग्राउंडवर ठेवला, उभा चिरला आणि मला म्हणाले, "बघ." तिसऱ्या टाक्याने समोरच्या भिंतीबरोबर मागची भिंतही पकडली होती. धमनीच्या पोकळीत आडवा पडदा तयार झाला होता आणि त्यावर काळपट गुठळी बसली होती. सरांनी पुन्हा जोडलं, बोट वाचलं. पण दोन महिन्यांत मी एकदाही आत डोकावले नव्हते, कारण ग्लोव्हच्या सपाट रबराला आत अशी जागाच नसते. बाहेरून सुरेख आणि आतून बंद, असं असू शकतं हे मला पेशंटवर कळलं. तुम्हाला ते तंगडीवर कळावं म्हणून हे एवढं लांबलचक लिहिते आहे.

आता तुमच्या मुख्य शंकेबद्दल. साधं मॉडेल म्हणजे दुय्यम शिक्षण, असं मनात असेल तर ते काढून टाका. टोरंटोमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पन्नास कनिष्ठ रेसिडेंट घेतले होते. काहींना सिलिकॉनच्या नळीवर शिकवलं, काहींना जिवंत उंदराच्या शुक्रवाहिनीवर, आणि काहींना नुसतं व्याख्यान दिलं. हाताने सराव केलेले दोन्ही गट व्याख्यानवाल्यांच्या पुढे गेले, हे अपेक्षितच होतं. महत्त्वाचं म्हणजे, नवशिक्यांच्या हाताचं कौशल्य तयार करण्यात सिलिकॉनची नळी जिवंत प्राण्याच्या तोडीस तोड ठरली. नवशिक्यांच्या, हा शब्द लक्षात ठेवा. पहिल्या टप्प्यात हाताला जे शिकायचं असतं ते रबर, सिलिकॉन, कोंबडी यांतून मिळतं. जिवंत रक्तवाहिनी जे शिकवते ते नंतरचं आहे, त्याकडे शेवटी येते.

आणि हे शास्त्र जन्मलंच मुळी अशा साध्या साधनांतून. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिआँ शहरात सुऱ्याने वार झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर फाटली आणि ती शिवण्याचं तंत्र कुणाकडेच नव्हतं. त्याच शहरात शिकणाऱ्या अलेक्सिस कारेलना ही गोष्ट सलत राहिली. त्यांनी मादाम लरूदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे जाऊन बारीक सुई आणि रेशीम हाताळायला शिकून घेतलं आणि १९०२ मध्ये तीन बाजूंनी ताण देऊन रक्तवाहिनी जोडायची पद्धत मांडली. १९१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रक्तवाहिनी जोडायला मायक्रोस्कोप आला तो १९६० मध्ये, ज्युलियस जेकबसन यांच्यामुळे. हॅरी बंकी या प्लास्टिक सर्जननी कॅलिफोर्नियातल्या आपल्या गॅरेजमध्ये पत्नीच्या मदतीने काम करत सशाचा तुटलेला कान जोडून दाखवला, ते साल १९६४. पुढच्याच वर्षी जपानमध्ये नारा इथे कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला. गॅरेज आणि अंगठा यांत एका वर्षाचं अंतर आहे. तुमच्या कॉलेजात लॅब नाही हे खरं, पण बंकींकडेही नव्हती.

सुरुवात कुठून, तर डोळ्यांपासून. तुमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, ऑपरेटिंग मायक्रोस्कोप असेलच. संध्याकाळी लिस्ट संपल्यावर तो वापरायची परवानगी इन्चार्ज सिस्टरकडून रीतसर घ्या, सगळं पुसून जागच्या जागी ठेवा, आणि हे न चुकता करा. एकदा मायक्रोस्कोप तेलकट हातांचे ठसे लागलेला सापडला की तुमच्यासकट सगळ्यांचा सराव बंद होतो. ते जमत नसेल तर दोन डोळ्यांनी बघायचा स्टिरिओ मायक्रोस्कोप घ्या, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो तसा. अंबाल्याच्या कारखान्यांतून असे मायक्रोस्कोप देशभर जातात. त्यात एकच गोष्ट तपासून घ्या: भिंग आणि काम यांच्यात साधारण दहा सेंटीमीटर तरी मोकळी जागा हवी, नाहीतर हत्यारं आत जाणार नाहीत. मोबाईलचा कॅमेरा किंवा कॉम्प्युटरला जोडायचा डिजिटल मायक्रोस्कोप स्वस्त पडतो आणि रेकॉर्डिंगला उत्तम, पण त्यात खोली दिसत नाही. सुई धमनीच्या वर आहे की आत, हे सपाट पडद्यावर कळत नाही, आणि आपलं अर्धं काम तर तेवढंच आहे. पदरमोड करायचीच असेल तर इथे करा.

हत्यारं फार लागत नाहीत. घड्याळजी वापरतात तसे बारीक टोकाचे दोन चिमटे, एक नीडल होल्डर, एक स्प्रिंगची कात्री. मायक्रोसर्जरीचे चिमटे मूळचे घड्याळजी आणि सराफांचेच आहेत, अजूनही आपण त्यांना ज्वेलर्स फोरसेप्स म्हणतो. सरावाचा संच वेगळा ठेवा, पेशंटच्या संचाला हातही लावू नका. टोकं एकदा वाकली की तो चिमटा १०-० नंबरचा अतिबारीक धागा पकडत नाही, म्हणून टोकांवर रबराची नळी घालून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. टाक्यांसाठी ओटीतला मुदत संपलेला किंवा केसनंतर उरलेला धागा जमवा. नवीन विकत घ्यायला गेलात तर महिन्याभरात सराव बंद पडेल. १०-० चा धागा वीस ते एकोणतीस मायक्रॉन जाडीचा असतो, केसाच्या निम्म्याहून बारीक. सुरुवात ८-० ने करा, तो जरा जाड, दिसतो तरी.

पहिला आठवडा ग्लोव्ह. कार्डबोर्डला आगपेटीएवढी खिडकी कापा, तिच्यावर ग्लोव्हचा तुकडा ताणून बसवा, मध्ये एक सेंटीमीटरची चीर द्या आणि ती शिवा. या आठवड्यात टाक्यांकडे लक्ष देऊ नका, शरीराकडे द्या. खुर्ची अशी हवी की खांदे खाली सैल राहतील. कोपरापासून करंगळीपर्यंत हाताची बाहेरची कड पूर्ण टेबलावर टेकलेली हवी, मनगटाखाली टॉवेलची घडी घ्या. हत्यार पेन धरतो तसं, तर्जनी, अंगठा आणि मधलं बोट यांत. हलतात ती फक्त ही तीन बोटं. हात थरथरतो म्हणून अनेक जण पहिल्या दिवशी खट्टू होतात. थरथर सगळ्यांनाच असते, वीसपट मोठं केल्यावर ती दिसते एवढंच. हात अधांतरी असेल किंवा हत्यार आवळून धरलं असेल, तर ती वाढते. हात टेकवा, पकड सैल करा, श्वास रोखू नका. अर्ध्या तासाने मान अवघडली तर खुर्ची चुकली आहे, सराव थांबवून खुर्ची नीट करा.

याच आठवड्यात जोडीला गॉज. गॉजचा चौकोनी तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला की धाग्यांची जाळी दिसते. सुई एका उभ्या धाग्याखालून घ्या आणि शेजारच्या धाग्याशी गाठ मारा. गाठीचा सराव यापेक्षा स्वस्तात कुठेही होत नाही. धागा ओढताना मोकळं टोक नजरेच्या टापूतच, दोन-तीन मिलीमीटर उरेल इतकं ठेवायला शिका. ते टापूबाहेर गेलं की शोधण्यात मिनिटं जातात. डाव्या हाताच्या चिमट्याने धागा उचलल्यावर फास आपोआप पडला पाहिजे, त्यासाठी धागा कुठे धरायचा हे बोटांनाच कळतं, सांगून कळत नाही.

सिलिकॉनच्या एक-दोन मिलीमीटरच्या नळ्या मिळाल्या तर पुढचे काही दिवस त्यांवर काढा. गोल वस्तू शिवायची पहिली ओळख तिथे होते. सलाईनच्या सेटची नळी मात्र वापरू नका, ती कडक असते, सुई वाकते. कोन्याकु या कंदाच्या पारदर्शक जपानी शेवयांवरही काही जण सराव करतात, त्यांना मध्ये भोक पाडून नळी करता येते. हौस असेल तर मागवून बघा, माझ्या मते आपल्याकडे त्याची गरज नाही. कारण आपल्याकडे कोपऱ्यावर कोंबडी मिळते.

कोंबडीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरं शिक्षण इथे होतं.

चिकनवाल्याला सांगा: आख्खी तंगडी, मांडीसकट, तुकडे न करता, आणि फ्रीजमधली नको. आपल्याकडे समोर कापलेली ताजी कोंबडी मिळते, हे परदेशातल्या कित्येक रेसिडेंटच्या नशिबात नाही, त्यांना गोठवलेली आणावी लागते. गोठवून वितळवलेल्या धमनीचा थर सुटतो आणि ती ओल्या कागदासारखी वागते. घरी किंवा लॅबमध्ये आणल्यावर तंगडी आतली बाजू वर करून ट्रेमध्ये ठेवा. मांडीच्या हाडाला समांतर, स्नायूंच्या मधली फट बोथट कात्रीने हळूहळू उघडत जा, कापू नका, पसरवा. आधी एक जाड, पांढरी, चकचकीत दोरी दिसेल. ती नर्व्ह. तिला चिकटून काळसर, मऊ, चपटी शीर आणि फिकट गुलाबी, गोल राहणारी धमनी. पुष्कळ जण हिला मांडीची फीमोरल धमनी म्हणतात, शरीररचनेच्या भाषेत ती इस्किॲटिक धमनी आहे, पण नावाने टाक्यात फरक पडत नाही. ती दोन मिलीमीटरच्या आसपास असते, पुढे पुढे बारीक होत जाते. पंखात आणखी बारीक धमनी मिळते. म्हणजे एकाच कोंबडीत सोपं आणि अवघड, दोन्ही धडे आहेत.

ही फट उघडण्यात पहिल्यांदा पाऊण तास जाईल. जाऊ द्या. मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिनी मोकळी करणं हे टाके घालण्याइतकंच मोठं काम आहे. बारीक फांद्या दिसतील, त्या इथे जाळता येत नाहीत म्हणून दोऱ्याने बांधा, ओढून तोडू नका. फांदी तुटली तर मुख्य धमनीला भोक पडतं आणि पेशंटवर तिथून रक्त येतं.

आता धमनीखाली हिरव्या किंवा निळ्या रंगाचा पातळ तुकडा सरकवा, फुग्याचा असला तरी चालतो. दोन टोकांना क्लॅम्प लावा आणि मध्ये एका घावात सरळ कापा. कात्री दोनदा चालवली तर कड दातेरी होते. कापलेलं टोक सलाईनने धुवा. बाहेरचं पांढुरकं, कोळ्याच्या जाळ्यासारखं आवरण टोकावर लोंबत असेल. ते चिमट्याने पुढे ओढून, बाहीसारखं, कात्रीने छाटा. ते आत शिरलं तर पेशंटमध्ये त्यावरच गुठळी बसते. यानंतर टोकाला धरायचं ते फक्त बाहेरच्या आवरणाला. आतल्या चमकदार अस्तराला चिमटा कधीच लागता कामा नये. हा नियम कोंबडीवरही पाळा, तिला फरक पडत नसला तरी. तुमच्या बोटांना पडतो.

पहिला टाका. सुई मध्याच्या जरा मागे, धाग्याच्या बाजूला धरा. डाव्या चिमट्याची बंद टोकं पोकळीत हलकेच घाला आणि भिंतीला आतून आधार द्या. चिमट्याची टोकं जरा उघडा म्हणजे सुईला जागा मिळेल. सुई भिंतीला काटकोनात टेकवा. तिरकी गेली की आतला थर कमी पकडला जातो आणि अस्तराची कड आत वळते. कडेपासून अंतर भिंतीच्या जाडीच्या दीड ते दोन पट, शिरेत थोडं जास्त. मग सुईला तिच्या वळणानेच पुढे जाऊ द्या, सरळ ढकलू नका. दुसऱ्या बाजूने आतून बाहेर. गाठ बसताना दोन्ही कडा एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. आवळलं की भिंत चिरते, आणि ती चीर बाहेरून दिसत नाही.

दुसरा टाका कुठे घालायचा यावर मतं वेगवेगळी आहेत. समोरासमोर, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा वाजता, असं अनेक जण शिकवतात. मी कॉबेट यांनी १९६७ मध्ये सांगितलेली पद्धत शिकवते: पहिले दोन टाके एकशेवीस अंशांवर. त्यामुळे मागची भिंत आपल्या वजनाने खाली लोंबते आणि समोरचे टाके घालताना ती सुईच्या वाटेत येण्याचा धोका कमी होतो. माझा स्वतःचा तो तिसरा टाका आठवा, म्हणजे मी ही पद्धत का धरून ठेवली आहे ते कळेल. समोरची बाजू झाली की क्लॅम्प उलटा करा आणि, मागची शिवण्याआधी, आतून समोरच्या टाक्यांकडे बघून घ्या. ही फुकट मिळणारी तपासणी आहे, घाईत कुणी करत नाही. शेवटचे दोन टाके सगळ्यांत धोक्याचे, कारण आत बघायला जागाच उरत नाही. ते दोन्ही धागे आधी नुसते ओवून ठेवा, गाठी न मारता, आत डोकावा, मग एकेक बांधा. एक मिलीमीटरच्या धमनीला साधारण आठ टाके पुरतात.

आता तपासणी. पिवळा, २४ नंबरचा कॅन्युला (सलाईन लावताना शिरेत घालतात ती बारीक नळी) धमनीच्या वरच्या टोकात घालून बांधा. खाण्याच्या लाल रंगाचं सलाईन सेटमधून उंचावरून सोडा. दुसऱ्या टोकातून थेंब पडायला लागले की फार आनंद होतो, आणि व्हावाही. पण फसू नका. कोंबडीची धमनी मेलेली आहे. तिच्यात गुठळी होत नाही, ती आकसत नाही. मागची भिंत अर्धी पकडली गेली असली तरी उरलेल्या अर्ध्या वाटेने लाल पाणी बिनदिक्कत पुढे जातं. हाच जोड पेशंटमध्ये वीस मिनिटांत बंद पडला असता.

म्हणून कात्री घ्या, जोडाच्या दोन्ही बाजूंना अर्धा सेंटीमीटर ठेवून धमनी कापून काढा, टाके नसलेल्या जागेतून उभी चिरा आणि अस्तराची बाजू वर करून पसरवा. वरून सलाईनचा थेंब टाका. आता आठ गाठींच्या आतल्या बाजू एका रेषेत दिसतील. बघा: मागची भिंत पकडली आहे का? एखादा टाका तिरका आहे का? दोन टाक्यांत जास्त फट राहिली आहे का? एखाद्या टाक्याने भिंतीचा अर्धाच थर घेतला आहे का? कडा एकमेकींवर चढल्या आहेत का? बाहेरच्या आवरणाचा धागा आत लोंबतो आहे का? अशा दहा चुका मोजून गुण देण्याची एक पद्धत परदेशात रूढ आहे, उघडलेल्या जोडाच्या फोटोवरूनच ती मोजतात. तुम्ही वहीत तारीख घालून मोजा आणि मोबाईलवर फोटो काढा. मी माझ्या रेसिडेंटना टाक्यांचा व्हिडिओ मागत नाही, उघडलेल्या धमनीचा फोटो मागते. पहिल्या पाच-सहा फोटोंत कसली ना कसली चूक असतेच. दहाव्याच्या आसपास मागची भिंत पकडणं थांबतं. आवळलेली गाठ मात्र बरेच दिवस पिच्छा सोडत नाही.

धमनी जमली की शीर. कोंबडीची शीर पाण्यात बुडवल्याशिवाय उघडतच नाही. सलाईनचा थेंब टाकून तिच्या भिंती तरंगत ठेवा आणि तशीच शिवा. पेशंटमध्येही हेच करावं लागतं, आणि मुक्त फ्लॅप (एका जागेवरून रक्तवाहिन्यांसकट काढून दुसरीकडे जोडलेला शरीराचा तुकडा) बुडण्याचं मूळ बऱ्याचदा शिरेतच असतं. त्यानंतर धमनीच्या कुशीत, म्हणजे बाजूच्या भिंतीला, दुसरी धमनी जोडणं, लहान-मोठ्या व्यासाची टोकं जोडणं, मध्ये शिरेचा तुकडा घालणं. आणि ती पांढरी दोरी फुकट घालवू नका, नर्व्हच्या बाहेरच्या आवरणाला टाके घालायचा सराव तिच्यावर सुंदर होतो.

काम झाल्यावर कोंबडी दुहेरी पिशवीत घालून कचऱ्यात, टेबल आणि हत्यारं साबणाने धुऊन निर्जंतुक. कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला हा जंतू असू शकतो, ग्लोव्ह घातल्याशिवाय हात लावू नका. आणि ती तंगडी स्वयंपाकघरात परत जाता कामा नये.

तुमच्या कॉलेजात प्रसूती विभाग असेल, तर वार, म्हणजे प्लॅसेंटा, हे आणखी एक सोनं आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं काम करणारे न्यूरोसर्जन वारेवर फार शिकतात, आपणही शिकावं. ती मानवी ऊती आहे, फांद्या एकापासून चार मिलीमीटरपर्यंत सगळ्या मापांच्या, आणि धमन्या बहुधा शिरांच्या वरून जातात त्यामुळे ओळखू येतात. नाळेतून कॅन्युला घालून हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) सलाईनने गुठळ्या धुऊन काढायच्या, मग रंगीत पाणी सोडलं की सगळी वार जिवंत झाल्यासारखी दिसते. पण आईची लेखी संमती, एचआयव्ही आणि कावीळ बी-सी यांचे रिपोर्ट, आणि संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी, या तीन गोष्टींशिवाय वारेला हात लावू नका. ओळखीच्या सिस्टरने बादलीतून काढून दिली, असं चालणार नाही. ती एका बाईच्या शरीराचा भाग आहे.

उंदीर. तुम्हाला याचीच चुटपुट आहे हे प्रश्नावरून दिसतं. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली केंद्रीय समिती आणि संस्थेची प्राणी-नीती समिती यांच्या परवानगीशिवाय कुठलाही प्राणी वापरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेलं तत्त्व असं, की पर्याय असेल तिथे प्राणी वापरू नये, कमीत कमी वापरावेत, आणि वेदना कमीत कमी द्यावी. म्हणून ज्याला गाठ मारता येत नाही त्याने उंदराच्या टेबलावर बसू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या प्राण्याचा जीव तुमच्या गाठीच्या सरावासाठी नाही.

उंदराची मांडीची धमनी जेमतेम एक मिलीमीटरची. ती हात लावला की आकसते, लिग्नोकेनचा (भुलीच्या औषधाचा) थेंब टाकून वाट बघावी लागते. क्लॅम्प काढल्यावर टाक्यांच्या मधून रक्त येतं आणि तेव्हा घाबरून जादा टाका घालायचा की गॉज ठेवून तीन मिनिटं थांबायचं, हा निर्णय घ्यावा लागतो. जोड आधी वाहतो आणि नंतर बंद पडतो. जोडाच्या पुढे दोन चिमट्यांनी धमनी रिकामी करून पहिला चिमटा सोडायचा आणि ती भरते का बघायचं, ही तपासणी खऱ्या अर्थाने इथेच शिकता येते, कारण इथे उत्तर "नाही" असंही येऊ शकतं. हे कोंबडी शिकवू शकत नाही. त्यामुळे एखादा आठवड्याचा कोर्स जरूर करा. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलसारख्या संस्थांनी या विषयात देशभरातले सर्जन घडवले आहेत. पण जाताना हात बसवून जा. पाच दिवसांतले दोन दिवस सुई धरायला शिकण्यात गेले, तर उरलेल्या तीन दिवसांत उंदीर जे शिकवतो ते शिकायला वेळच उरत नाही.

किती दिवस, याचं उत्तर तासांत देण्यापेक्षा वाटणीत देते. टोरंटोचाच २००६ मधला अभ्यास आहे. अडतीस रेसिडेंटना रक्तवाहिनी जोडायची तीच चार सत्रं दिली. निम्म्यांना एका दिवसात, निम्म्यांना आठवड्याला एक याप्रमाणे. महिन्याभराने जिवंत उंदराच्या महाधमनीवर परीक्षा घेतली तेव्हा आठवड्याने शिकलेले सरस ठरले. एका दिवसात शिकलेल्यांपैकी काहींनी तर धमनीचं दुरुस्त न होण्याइतकं नुकसान केलं. तेव्हा रविवारी सहा तास बसू नका. आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर बसा. ड्यूटी करून डोळे मिटत असतील त्या दिवशी बसू नका, थकलेला हात चुकीची हालचाल तितक्याच निष्ठेने शिकतो.

माझ्याकडे रेसिडेंटला पेशंटची धमनी देण्याआधी एकच नियम आहे. लागोपाठ पाच उघडलेल्या धमन्या, पाचांतही मागची भिंत पकडलेली नाही आणि कुठे चीर नाही. चौथ्यात चूक झाली तर मोजणी पुन्हा एकपासून. वेळ मी मोजत नाही. वेग आपोआप येतो. तुटलेल्या बोटाला थंड न ठेवता बारा तास, थंड ठेवून नीट आणलं तर चोवीस तास मिळतात. हात किंवा पाय वरून तुटला असेल तर मात्र थंड न ठेवता जेमतेम सहा. पण तिथेही घाईचा जोड दोनदा करावा लागतो, आणि दुसऱ्यांदा धमनी आणखी आखूड झालेली असते.

आपल्याकडे हे काम किती आहे ते तुम्हाला वॉर्डात रोज दिसत असेल. उसाच्या चरकात गेलेली बोटं, एमआयडीसीतल्या पॉवर प्रेसखाली आलेले पंजे, आणि तंबाखू-माव्याने जबडा गेलेले चाळिशीतले लोक, ज्यांना पायाचं हाड रक्तवाहिनीसकट काढून जबडा करून द्यायचा असतो. तालुक्यातून निघालेला पेशंट तुमच्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याचे निम्मे तास रस्त्यातच गेलेले असतात. रात्री दोन वाजता मायक्रोस्कोपसमोर कोण बसणार, हा प्रश्न दोन वर्षांनी तुमच्यावर येणार आहे.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा: ओटीतला मुदत संपलेला ८-० जमवा, इन्चार्ज सिस्टरशी बोला, खुर्चीची उंची ठरवा आणि ग्लोव्ह शिवायला घ्या, जोडीला गॉज. पुढच्या आठवड्यात नळी, तिसऱ्यात तंगडी. पहिली धमनी उघडून पसरवलीत की तिचा फोटो इथे टाका, प्रकाश एका बाजूने तिरका ठेवा म्हणजे गाठींच्या आतल्या बाजू दिसतील. कुठला टाका बिघडला आणि कशामुळे, ते आपण एकेक करून बघू.